कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम फॉस्फेट: निव्वळ आयनिक समीकरण जुळत का नाही?

या दोन द्रावणांच्या अभिक्रियेचं निव्वळ आयनिक समीकरण (ज्यात प्रत्यक्ष अभिक्रिया करणारे आयनच लिहितात) काही केल्या संतुलित होत नाही, असं तुम्ही विचारलंय. चूक बहुधा पहिल्याच पायरीवर, अवक्षेपाचं (द्रावणात न विरघळता खाली बसणाऱ्या पदार्थाचं) सूत्र लिहिताना झाली असणार. (इथे नावं लिहितो, वहीत सूत्रंच लिहा.)

कॅल्शियमचा प्रभार २+, फॉस्फेटचा ३−. लसावि ६. म्हणून कॅल्शियमचे ३ आणि फॉस्फेटचे २ आयन एकत्र येतात. सूत्र ठरलं की त्यातल्या खालच्या आकड्यांना हात लावायचा नाही, संतुलन फक्त सूत्राआधी लिहायच्या आकड्यांनी, म्हणजे सहगुणकांनी करायचं:

३ कॅल्शियम क्लोराइड + २ सोडियम फॉस्फेट → कॅल्शियम फॉस्फेट↓ + ६ सोडियम क्लोराइड

फॉस्फरस आणि ऑक्सिजन वेगवेगळे मोजत बसू नका. फॉस्फेट दोन्हीकडे अखंड आहे, तो एकच नग धरा.

खाली कोण बसणार? सोडियम, पोटॅशियम, अमोनियमचे क्षार आणि सगळे नायट्रेट विरघळतात. सिल्व्हर, लेडसारखे मोजके अपवाद सोडले तर क्लोराइडही. फॉस्फेट आणि कार्बोनेट मात्र पहिल्या तिघांचे सोडून सहसा विरघळत नाहीत. म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा अवक्षेप येणार आणि त्याचे आयन सुटे लिहायचे नाहीत.

बाकीचे सुटे करा. सगळ्यात जास्त गुण इथे जातात: कॅल्शियम क्लोराइडच्या सूत्रातला क्लोरीनखालचा २ तसाच उचलून क्लोरीनची जोडी लिहिली जाते. द्रावणात अशी जोडी नसते. ३ कॅल्शियम क्लोराइडमधून ३ कॅल्शियम आणि ६ सुटे क्लोराइड आयन मिळतात. दोन्ही बाजूंचे ६ सोडियम, ६ क्लोराइड खोडले की उरतं:

३ कॅल्शियम(२+) + २ फॉस्फेट(३−) → कॅल्शियम फॉस्फेट (स्थायू)

आता प्रभार बघा. डावीकडे +६ आणि −६ मिळून शून्य, उजवीकडेही शून्य. अणू जुळूनही प्रभार जुळला नाही, तर एखाद्या आयनाचा प्रभार चुकलाय.

याच अभिक्रियेत सोडियम फॉस्फेटऐवजी सिल्व्हर नायट्रेट घेतलं, तर शेवटी सगळीकडे २ उरतो. त्याने भाग द्या: १ सिल्व्हर(१+), १ क्लोराइड(१−), १ सिल्व्हर क्लोराइड.

आणि सगळीच उदाहरणं खोडाखोडीची नसतात. बेरियम हायड्रॉक्साइडमध्ये कॉपर सल्फेट घातलं तर बेरियम सल्फेट आणि कॉपर हायड्रॉक्साइड दोन्ही अविद्राव्य. एकही प्रेक्षक आयन (दोन्ही बाजूंना तसाच राहणारा, खोडता येणारा आयन) नाही, त्यामुळे पूर्ण आयनिक समीकरण हेच निव्वळ समीकरण.