दोघांनाही चष्मा आहे, मग मुलाला लागणारच का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा नंबर उणे चार, मिस्टरांचा साडेतीन. मग दुसरीतल्या मुलाचं नशिबातच आहे का, की बाहेर खेळवून काही फरक पडतो? कोल्हापुरात वीस वर्षं नंबर काढतोय आणि स्वतः उणे सहाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

धोका जास्त आहे, हे खरं. उणे नंबरात, म्हणजे लांबचं धूसर दिसतं तेव्हा, बुबुळापासून डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत डोळा लांबट होतो. 1 मिलिमीटर वाढला की साधारण अडीच-तीन नंबर चढतो. ही लांबण्याची ओढ रक्तातून येते, तिच्यामागे शेकडो जनुकं आहेत. पण जनुकं एका-दोन पिढ्यांत बदलत नाहीत. आमचे आजोबा कागलकडचे शेतकरी, भावकीत लांबचा चष्मा कुणालाच नव्हता. आम्ही सात चुलत भावंडं शहरात शिकलो, पाच जणांना चष्मा. रक्त तेच, दिवस मात्र खोलीत गेले.

2008 साली प्रसिद्ध झालेली एक तुलना मी प्रत्येक पालकाला सांगतो. सिडनी आणि सिंगापूरमधली सहा-सात वर्षांची चिनी वंशाची मुलं. चष्मेवाल्या आईबापांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. सिंगापुरात 29.1 टक्के मुलांना उणे नंबर, सिडनीत फक्त 3.3. सिडनीची मुलं पुस्तकं उलट जास्त वाचत होती! पण ती आठवड्याला जवळजवळ 14 तास बाहेर असायची, सिंगापूरची जेमतेम 3 तास.

कारण उजेड. भरपूर उजेडात पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि ते डोळ्याचं लांबणं आवरतं, असं आज मानलं जातं. वर्गात 300 ते 500 लक्स (उजेडाचं माप), बाहेर झाडाच्या सावलीतही हजारांत. ट्यूब वाढवून ते भरून निघत नाही. चीनमध्ये ग्वांगझोला पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत नव्याने नंबर लागलेली मुलं तिथे 30.4 टक्के, इतर शाळांत 39.5. म्हणजे फायदा आहे, पण हमी नाही. नंबर एकदा लागला की हा फायदा कमी होतो, म्हणून तुमच्या मुलाचं वय हेच मोलाचं आहे.

माझ्या लेकीला आम्ही रोज ऊन कलल्यावर, पण अंधार पडायच्या आत, रंकाळ्यावर न्यायचो. तरी अकराव्या वर्षी चष्मा लागलाच, उणे एक. माझा त्या वयात तीन होता. मला एवढा फरकही खूप वाटतो.

अभ्यास बंद करू नका. पुस्तक हातभर लांब, मध्ये मध्ये उठून गॅलरीत जाऊ द्या. नंबर निघाला तर "थोडा कमीच द्या, सवय नको" असं कुणालाही सांगू नका, त्याने वाढ थांबत नाही आणि पोराला फळा दिसत नाही. पहिली तपासणी मात्र नेत्रतज्ज्ञांकडे, डोळ्याचा ताण सैल करणारे थेंब टाकूनच करा. लहान मुलं डोळा ताणून पाहतात आणि नुसत्या मशीनवर नसलेला उणे नंबर निघतो. थेंबांनंतर दिवसभर जवळचं धूसर दिसेल, त्यामुळे शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर न्या.