प्रोग्रामिंग शिकायला डेबियन, उबुंटू की लिनक्स मिंट?

बीसीएसला प्रवेश, जुना लॅपटॉप, आणि सीनियर म्हणतायत ‘डेबियनच टाक, बाकी सगळा पोरखेळ’. तर लिनक्सच्या या तीन प्रकारांपैकी कुठला टाकू, असं विचारलंय तुम्ही. मिंट टाका. एवढ्यावर थांबले असते, पण तुमचे सीनियर अगदी आमच्या दादासारखे बोलतायत.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, तेव्हा हिंजवडीत सर्व्हर सांभाळायचा. 2018 साली माझ्याकडे सेकंडहँड लॅपटॉप आला. दादा रविवारी धनकवडीला घरी आला, मिसळ चापली, मला न विचारता डेबियन 9 टाकलं आणि गेला. वायफाय बंद! फर्मवेअरची (वायफायचं हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी ती फाइल हवी. तेव्हा डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेलं फर्मवेअर देतच नसत. 2023 च्या डेबियन 12 पासून ते देऊ लागले. फोन केबलनं जोडला की नेट मिळायचं, पण घरात चांगला फोन एकच, बाबांचा, आणि बाबा पीएमपीत (पुण्याच्या सिटी बसमध्ये) दुपारपाळीला. म्हणजे माझा अभ्यास रात्री, ते घरी आल्यावर. दादाला फोन केला तर म्हणे, “झगड की जरा, त्यातूनच शिकशील.” अरे, मला सीमधले पॉइंटर शिकायचे होते, वायफायची दुरुस्ती नाही!

शेवटी वर्गातल्या मैत्रिणीनं मिंटचा पेनड्राइव्ह दिला. इन्स्टॉल करायच्या आधीच, नुसता पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालू केला तरी शेजाऱ्यांची वायफाय दिसायला लागली. त्या वर्षी गणपतीत दादानं सगळ्यांदेखत विचारलं, “काय गं, अजून ते गोळ्या-बिस्किटांचं लिनक्स वापरतेस?” मी एवढंच विचारलं, की डेबियनवर चालतो आणि मिंटवर चालत नाही असा सीचा एक प्रोग्राम दाखव. अजून दाखवायचाय त्यानं.

दाखवणार कुठून? घराणं एकच आहे. डेबियन 1993 चं, त्यातून 2004 ला उबुंटू, आणि उबुंटूतून 2006 ला मिंट. तिन्हीकडे सॉफ्टवेअर टाकायला अॅप्ट, तिन्हीकडे सीच्या कोडचा चालणारा प्रोग्राम करणारा कंपायलर जीसीसी. ‘बिल्ड-इसेन्शियल’ नावाचं एक पॅकेज टाकलं की कंपायलर, मेक सगळं येतं. नव्या आवृत्त्यांत पायथनची पॅकेजं टाकायला थेट पिप मारलंत तर तिन्हीकडे सारखाच नकार मिळतो, तेव्हा पायथनसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक प्रोजेक्टच्या पॅकेजांची वेगळी जागा) करायला आधी शिका. आणि कॉलेजात टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर त्यातली कोनिओ ही हेडर फाइल आणि स्क्रीन पुसणारं क्लिअरस्क्रीन घरी विसरा, ते जीसीसीला कळत नाही.

उबुंटू? तेही चालेल. मला स्नॅप (उबुंटूची सॉफ्टवेअर टाकायची वेगळी पद्धत) आवडत नाही, आणि मिंटनं 2020 पासून ते मुळातच बंद ठेवलंय, म्हणून माझं मत तिकडे.

डेबियन वाईट आहे असं मात्र समजू नका. माझ्या आताच्या ऑफिसात सगळे सर्व्हर डेबियनवरच आहेत आणि मला ते आवडतं. दुसऱ्या वर्षी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघा, मोडलं तरी तुमचं सबमिशन अडणार नाही. रॅम 4 जीबीच असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. विंडोज लगेच पुसू नका, ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर बरेचदा त्यावरच चालतं. पार्टिशनला (डिस्कच्या भागांना) हात लावण्याआधी बॅकअप घ्या. आणि कुणी सीनियर ‘मी येऊन टाकून देतो’ म्हणाला, तर वायफाय चालू झाल्याशिवाय त्याला चहा देऊ नका.