व्हायरल लोड उत्तम असला तरी

प्रिय मैत्रिणीस,
अनेक आशीर्वाद.

एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू झाल्याचे कळवलेस, आनंद झाला. व्हायरल लोड (रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण) सापडत नाही आणि सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) वाढले आहे, एवढे पाहून कार्डावर पुढची तारीख घालण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु एचआयव्हीच्या आडोशाने शरीरात ठाण मांडलेले दुसरे विषाणू त्या अहवालात दिसत नाहीत, आणि या रुग्णांतील बऱ्याच कर्करोगांच्या मुळाशी तेच असतात. कपोसी सार्कोमा हा कर्करोग आणि एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित काही लिम्फोमा (लसिका पेशींचे कर्करोग) एआरटी आल्यापासून पुष्कळ कमी झाले. तुझ्या टेबलासमोर रोज येणारा प्रश्न एचपीव्हीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या विषाणूचा आहे.

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो, कारण एरवी वर्षा-दोन वर्षांत बहुधा निघून जाणारा एचपीव्ही तिच्या शरीरात टिकून राहतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना तिची तपासणी तिसाव्याऐवजी पंचविसाव्या वर्षापासून सुरू करायला सांगते. अंगावरून पांढरे जाते का, संबंधानंतर रक्त दिसते का, हे विचारायचेच. मात्र ‘काही त्रास नाही’ या उत्तरावर थांबू नकोस, कारण कर्करोगापूर्वीच्या बदलांचा त्रास सहसा जाणवतच नाही. तपासणीत काय होते तेही तिला आधी सांग: गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात, आणि संशयास्पद भाग पांढरा दिसतो. भूल द्यावी लागत नाही, हे ऐकूनच निम्म्या बायका तयार होतात. ‘खेड्यात हे जमत नाही’ असे कोणी म्हणाले, तर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचे नाव घे. त्याच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (ही ॲसिडच्या तपासणीहून वेगळी, विषाणूच शोधणारी) या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. त्या सर्वसाधारण लोकसंख्येतील स्त्रिया होत्या. आपल्या रुग्णांना एकदाची एचपीव्ही चाचणी पुरत नाही, ती तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते.

हिपॅटायटिस बी ची गोष्ट निराळी. एचआयव्हीसाठी रोज घ्यायच्या टीएलडी गोळीतील टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन त्या विषाणूलाही आवरून धरतात, त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी परस्पर बंद करणाऱ्याचे यकृत अचानक सुजू शकते, आणि वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला हा संसर्ग यकृताच्या कर्करोगापर्यंतही जातो. फाइलमध्ये एचबीएसएजीचा (हिपॅटायटिस बी ओळखणाऱ्या रक्तचाचणीचा) अहवाल नसेल, तर औषधे बदलण्याचा विषय निघण्यापूर्वीच ते डॉक्टरांच्या नजरेस आणून दे.

तुझी,
ताई