क्रोएशियातून अस्सल स्थानिक वस्तू आणायच्या तर काय घ्यावं आणि नकली कसं ओळखावं?

झाग्रेब, झादार आणि डुब्रॉव्हनिक असा तुमचा दौरा आहे आणि प्रत्येक दुकानदार ‘हातानं बनवलंय’ म्हणतो, मग विश्वास कशावर ठेवायचा, असा तुमचा प्रश्न. माझं मत असं की वस्तू जिथं बनते तिथंच किंवा तिच्या आसपास घ्यावी. डुब्रॉव्हनिकच्या जुन्या शहरात सगळं एकाच छताखाली मिळतं खरं, पण ते कुणी केलं हे सांगणारं माणूस सहसा समोर नसतं.

एकच मोठी खरेदी करणार असाल तर पागची लेस घ्या. झादारहून पाग बेट गाडीनं साधारण तासाभरावर आहे, मध्ये पूल आहे. उन्हाळ्यात पाग गावातल्या बायका दारात बसून लेस करतात आणि तिथंच विकतात. घट्ट उशी, सुई आणि बारीक दोरा एवढंच सामान. आधी आधाराचे दोरे घालायचे आणि मग त्यावर काजाच्या टाक्यांनी जाळी भरत जायची. खाली कापड नसतंच. पाग, उत्तर क्रोएशियातलं लेपोग्लावा आणि ह्वार बेट इथली लेसची कला 2009 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

पारख करायला मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. हातच्या कामात एकात एक अडकलेले सुटे टाके दिसतात आणि त्यांत किंचित कमी-जास्त असतं. मशीनच्या लेसमध्ये दोरे भरतकामासारखे मागे-पुढे दाबलेले असतात, कडेला लव आणि कापलेली टोकं दिसतात. गठ्ठ्यातले दोन नग तंतोतंत सारखे निघाले तर तिथंच थांबा. बांगडीएवढ्या चकतीलाही कित्येक तास लागतात, त्यामुळे पाच-दहा युरोंत ती मिळूच शकत नाही. घरी आणल्यावर घडी घालू नका, सपाट ठेवा. फ्रेम करायची तर गडद कापडावर चार टाके घालून बसवा. गोंद लावला की काही वर्षांत पिवळे डाग पडतात.

लेपोग्लावाची लेस सुईनं नव्हे, बॉबिनवर, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या छोट्या दांड्यांवर विणतात. ह्वारची लेस बेनेडिक्टाइन ख्रिस्ती मठातल्या नन घायपाताच्या पानातून काढलेल्या धाग्यांनी करतात. रस्त्यावरच्या टपरीवर कुणी ‘घायपाताची लेस’ दाखवली तर सोडून द्या.

झाग्रेबमध्ये लाल लिचितार हृदयं, म्हणजे पिठाची रंगवलेली हृदयं, जागोजागी दिसतील. साच्यात घातलेलं पीठ भाजून, वाळवून त्यावर खायचा रंग चढवतात आणि वर साखरेची नक्षी काढतात. कधी मधोमध छोटा आरसाही असतो. ही शोभेची वस्तू आहे, खायला आणू नका. हातात घेऊन कड बघा. साखरेची रेघ उंच उठलेली आणि थोडी असमान हवी, छापील गुळगुळीत नको. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती दमट होऊन मऊ पडते, बुरशी धरते, मुंग्याही येतात. म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद काचेच्या चौकटीत ठेवा.

लहान मुलांसाठी झाग्रेबच्या उत्तरेकडच्या झागोर्ये भागातली लाकडी खेळणी घ्या. विलो, लिंडेन, बीच, मेपल अशी लाकडं पुरुष कोरतात आणि बायका रंगवतात. सावंतवाडीची खेळणी घरात असतील तर शेजारी शोभतील. झागोर्येची ही खेळणी तिथल्या मारिया बिस्त्रित्सा या तीर्थक्षेत्री मिळतात.

शिबेनिक या किनाऱ्यावरच्या शहराचं चांदीचं बटण घेताना 925 चा (म्हणजे 92.5 टक्के चांदीचा) शिक्का बघा. तारकाम असेल तर पिळलेली तार आणि डाखलेले बारीक दाणे वेगवेगळे दिसतात. ओतीव नकलेवर साच्याची शिवण असते.

लॅव्हेंडरच्या पिशवीत भडक जांभळी फुलं दिसली तर रंग दिलाय असं समजा, सुकलेली कळी राखाडी झाक मारते. इस्त्रिया या द्वीपकल्पातल्या ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळंबी) तेलाच्या बाटलीवर घटकांची यादी वाचा. त्यात ‘अरोमा’ एवढंच असेल तर वास प्रयोगशाळेतला आहे, त्यापेक्षा मिठातले ट्रफलचे तुकडे बरे. तेलाची बाटली चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून टाका.