जॉर्ज हे नाव मूळचं कुठलं? आणि वर्गीस, युरी ही खरंच त्याचीच रूपं आहेत का?

हो, खरंच आहेत. मूळ ग्रीक नाव गेऑर्गिओस, 'गे' म्हणजे जमीन आणि 'एर्गॉन' म्हणजे काम, थोडक्यात शेतकरी. जिऑग्राफी, जिऑलॉजीमधला 'जिओ' पण तोच. म्हणजे इंग्लंडचे सहा राजे नावाने शेतकरीच की!

नाव पसरलं ते सेंट जॉर्जमुळे, आणि प्रत्येक भाषेने ते आपापल्या जिभेला जमेल तसं वळवलं, म्हणजे स्पॅनिशमध्ये होर्हे, इटालियनमध्ये जॉर्जो, जर्मनमध्ये गेऑर्ग किंवा युर्गेन, पोलिशमध्ये येझी. रशियनांनी तर कमालच केली, गिओर्गी, येगोर आणि युरी अशी एकाचीच तीन केली, त्यामुळे १९६१ मध्ये अंतराळात गेलेला युरी गागारिन पण जॉर्जच म्हणायचा.

केरळात ते सिरियाक, म्हणजे तिथल्या ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेच्या भाषेतून आलं, म्हणून तिथे गीवर्गीस आणि मग नुसतं वर्गीस झालं, ऑफिसात कोणी वर्गीस असेल तर सांगून बघा त्याला.

आणि आपले मुंबईचे जॉर्ज फर्नांडिस, त्यांचा जन्म ३ जून १९३०, राजा पाचवा जॉर्ज पण ३ जूनचाच, आईने त्याच्यावरूनच नाव ठेवलं. पुढे हाच माणूस कट्टर समाजवादी निघाला 😄