परदेशी माणूस कामावर घेताय? व्हिसाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं कारखानदार, हॉटेलवाले आणि छोट्या कंपन्यांच्या मालकांची आहेत. त्यातल्या निम्म्या पत्रांत ‘एजंट म्हणतो, चालून जाईल’ हे वाक्य आहेच. तपासणी होईपर्यंत चालून जातंही. पण १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट लागू झाला आहे. १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे त्याने मोडीत काढले. आता व्हिसाच्या अटी मोडल्या तर ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे खालची उत्तरं एजंटपेक्षा थोडी कडक वाटतील.

प्रश्न : चाकणच्या कारखान्यासाठी आम्ही जर्मनीहून प्रेस लाइन मागवली आहे. ती बसवून चालू करून द्यायला त्यांचे इंजिनिअर सहा-सात आठवडे राहतील. त्यांना साध्या बिझनेस व्हिसावर बोलावलं तर?

साधा बिझनेस व्हिसा हा बोलण्याचा व्हिसा आहे. ऑर्डरची बोलणी, भागीदारांच्या बैठका, चालू प्रकल्प कुठवर आला ते पाहणं, जाता जाता तांत्रिक सल्ला देणं, एवढंच त्यात बसतं. हातात पाना घेऊन मशीन बसवणं त्यात बसत नाही. इंजिनिअरचा पगार जर्मनीतच होत असला तरी या कामासाठी वर्षानुवर्षं एम्प्लॉयमेंट व्हिसाच लागत असे, आणि त्याने उद्योजक मेटाकुटीला यायचे.

२०२५ मध्ये केंद्राने यात चांगली सुधारणा केली. मशीन बसवून चालू करून देण्याचं काम आता ई-बी-४ या व्हिसात टाकलं आहे. त्याचं पूर्ण नाव प्रॉडक्शन इन्व्हेस्टमेंट बिझनेस व्हिसा. भारतीय कंपनीने नॅशनल सिंगल विंडो सिस्टिमच्या पोर्टलवर स्पॉन्सरशिप लेटर काढायचं आणि त्याच्या आधारे इंजिनिअरने अर्ज करायचा.

पण अट नीट वाचा. हे काम मशीन पुरवण्याच्या कराराचाच भाग असलं पाहिजे. घोळ इथेच होतो. युरोपातल्या मशीनच्या कोटेशनमध्ये इंजिनिअरचा रोजचा दर वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो, परचेसवाले तो तसाच पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) उतरवतात, आणि व्हिसाचं पाहणाऱ्या एचआरला त्याचा पत्ताच नसतो. तशी ओळ असेल तर ते काम मशीनच्या कराराचाच भाग ठरतं का, हे अर्जाआधी तपासून घ्या. पीओवर सही होण्याआधी परचेस आणि एचआर यांना एका टेबलावर बसवलंत, तर पुढची बरीच डोकेदुखी वाचेल.

प्रश्न : पुण्यात आमची छोटी डिझाइन कंपनी आहे. ब्राझीलची एक डिझायनर घ्यायची आहे. पगार वर्षाला १३ लाख आणि राहायला बाणेरमध्ये कंपनीचा फ्लॅट. एम्प्लॉयमेंट व्हिसा मिळेल?

एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी वर्षाला १६.२५ लाख रुपयांची किमान मर्यादा आहे. तुमची ऑफर वरवर पाहता कमी पडते, पण हिशेब तिथे संपत नाही. रोख पगार आणि भत्ते तर धरतातच. शिवाय प्राप्तिकरासाठी ज्या सवलती पगारात मोजल्या जातात, म्हणजे कंपनीने दिलेलं घर वगैरे, त्याही धरता येतात. ज्या सवलतींवर कर लागत नाही त्या मात्र वगळायच्या. नेमणुकीच्या करारात रोख रक्कम वेगळी आणि प्रत्येक सवलतीची रुपयांत किंमत वेगळी, असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘निवासाची सोय’ असा शेरा असेल तर अधिकारी त्याची किंमत शून्य धरणार. आणि लक्षात घ्या, फ्लॅटची किंमत तुम्ही भरता त्या भाड्याने ठरत नाही; प्राप्तिकराच्या नियमाने जी येते तीच. तेवढ्याने सव्वातीन लाखांची दरी भरेल असं मला वाटत नाही. रोख पगार वाढवणं हाच सरळ उपाय.

पगारापेक्षा अवघड भाग दुसराच आहे. ज्या कामासाठी इथे पुरेशी लायक माणसं मिळतात, त्या कामासाठी हा व्हिसा देत नाहीत. कारकुनी आणि नेहमीच्या साच्यातल्या कामांनाही नाही. पुण्यात डिझायनरांचा तुटवडा आहे असं कोणी म्हणणार नाही. तेव्हा हीच व्यक्ती का, हे ठोस लिहावं लागेल: तिने कोणत्या बाजारपेठेसाठी काम केलंय, पोर्तुगीज बोलणारे ग्राहक तुम्हाला आहेत का, ती इथल्या टीमला काय शिकवणार. ‘अत्यंत प्रतिभावान’ हे विशेषण फाइलमध्ये काडीचंही उपयोगी पडत नाही.

ती आल्यावर दोन तारखा विसरू नका. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर नोंदणी, आणि ती ज्या घरात उतरेल तिथल्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म ३ (पूर्वीचा फॉर्म सी) २४ तासांच्या आत. फ्लॅट तुम्ही देताय, म्हणजे हा फॉर्म कोण भरणार हे घरमालकाशी आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : उत्तर गोव्यात आमचं कॅफे आहे. एक इटालियन मुलगा टुरिस्ट व्हिसावर आलाय, पिझ्झा उत्तम करतो. त्याला शेफ म्हणून ठेवायचं आहे. पगार १६ लाख देणं आम्हाला अशक्य आहे.

पगाराची अट तुम्हाला अडवणार नाही. आपल्या देशाचं जेवण बनवणारे आचारी, इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक आणि दुभाषे यांना ती मर्यादा लागू नाही. इटालियन माणूस इटालियन जेवण करणार, तेव्हा तो या सवलतीत बसतो. त्याच्याकडून शाकुती करून घ्यायचा विचार असेल तर तो बसणार नाही.

अडचण टुरिस्ट व्हिसाची आहे. तो इथल्या इथे बदलून मिळत नाही. त्याने इटलीला परत जायचं, तिथल्या भारतीय वकिलातीत एम्प्लॉयमेंट व्हिसाचा अर्ज करायचा आणि मग यायचं. ‘तोवर पगार देत नाही, फक्त राहायला-जेवायला देतो’ हा किनाऱ्यावरचा आवडता तोडगाही चालत नाही. टुरिस्ट व्हिसावर महिनाभरापर्यंत स्वयंसेवी काम करता येतं, पण त्याबदल्यात कोणत्याही स्वरूपाचा मोबदला नको. खाट आणि जेवण हा मोबदलाच आहे. सीझन तोंडावर असताना हे ऐकणं जिवावर येतं, याची कल्पना आहे.

प्रश्न : कोल्हापुरात आमचं हॉटेल आहे. किचनमध्ये नेपाळची मुलं आहेत. त्यांचा व्हिसा काढायचा का?

नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिकांना इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. चीनमार्गे येणाऱ्याला मात्र लागतो, पण तुमच्या किचनमध्ये तसा कोणी असेल असं वाटत नाही. ओळखीची कागदपत्रं जपून ठेवा. पीएफच्या बाबतीतही ती भारतीय कामगारच मानली जातात.

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकन नागरिक आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) आहे. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत तो कायमचा यायचं म्हणतोय. त्याला कोणता व्हिसा काढावा?

काका, कोणताच नाही. ओसीआय कार्डावर त्याला नोकरी करता येते आणि १६.२५ लाखांची अटही नाही. धर्मप्रसार, गिर्यारोहण, पत्रकारिता आणि संशोधन यांसाठी वेगळी परवानगी लागते. फाउंड्रीचा त्यांच्याशी संबंध नाही. कंपनीशेजारची शेतजमीन मात्र त्याच्या नावावर विकत घेऊ नका, ओसीआयधारकाला शेतजमीन खरेदी करता येत नाही.

लोक इथे विसरतात ती गोष्ट पीएफची. पासपोर्ट अमेरिकेचा असल्यामुळे पीएफच्या दृष्टीने तो ‘इंटरनॅशनल वर्कर’ ठरतो. त्याचा अर्थ पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आमच्या कंपनीत एक जपानी आणि एक अमेरिकन मॅनेजर आहे. सल्लागार म्हणतात, अमेरिकनाच्या पूर्ण पगारावर पीएफ कापा, जपान्याचा कापू नका. हा भेदभाव नाही का?

दिसायला भेदभाव आहे, पण त्यामागे करार आहे. १ ऑक्टोबर २००८ पासून, पीएफ लागू असलेल्या आस्थापनेतल्या परदेशी कर्मचाऱ्याला १५,००० रुपयांची मर्यादा नाही. पूर्ण पगारावर १२ टक्के त्याचे आणि तेवढेच तुमचे. जपान, जर्मनी, दक्षिण कोरिया, फ्रान्स, नेदरलँड्स अशा काही देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. तिथल्या कंपनीने पाठवलेला माणूस मायदेशातल्या योजनेत पैसे भरत असेल आणि त्याच्याकडे तसा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, असेल, तर इथे सूट मिळते. अमेरिकेशी असा करार नाही. वर आणखी, करार नसलेल्या देशाच्या माणसाला ही रक्कम साधारणपणे ५८ वर्षांनंतरच काढता येते. पस्तिशीतल्या अमेरिकनाला हे नेमणुकीच्या वेळीच सांगा, नंतर कळलं तर तो तुमच्यावरच उखडेल.

सूट राष्ट्रीयत्वावर नाही, सर्टिफिकेटवर आहे. तुम्ही थेट भारतात नेमलेला जपानी, जो तिथे काहीच भरत नाही, त्याचा पीएफ कापावाच लागेल. परदेशी कर्मचाऱ्याच्या पूर्ण पगारावर पीएफ कापण्याची तरतूद कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली, दिल्ली उच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी ती उचलून धरली. महाराष्ट्रातल्या कंपनीने बंगळुरूच्या निकालाच्या भरवशावर कपात थांबवू नये.

जपानी मॅनेजर मूळ कंपनीने पाठवलेला असेल आणि तुम्ही त्याच्या पगाराची भरपाई तिकडे करत असाल, तर जीएसटीही पाहा. नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये अशी व्यवस्था म्हणजे मनुष्यबळ पुरवण्याची सेवा मानली. तो खटला जुन्या सेवाकराचा होता, पण त्यानंतर जीएसटीच्या नोटिसांचा पाऊस पडला. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळालाच अधिकाऱ्यांना सांगावं लागलं की हा निकाल सरसकट लावू नका, प्रत्येक करार वाचा. म्हणजे तुमचा करार कोणीतरी वाचणार आहे. आधी तुम्ही वाचा.

प्रश्न : आमचा कोरियन भागीदार रांजणगावला मोठी गुंतवणूक करतोय. भारतात ‘गोल्डन व्हिसा’ आहे का?

त्या नावाचा नाही. २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने परदेशी गुंतवणूकदारांसाठी कायम निवासाचा दर्जा मंजूर केला. १८ महिन्यांत किमान १० कोटी किंवा ३६ महिन्यांत किमान २५ कोटी रुपये थेट परकीय गुंतवणुकीच्या मार्गाने आणायचे आणि दरवर्षी इथल्या किमान २० जणांना रोजगार द्यायचा. दर्जा १० वर्षांचा, पुढे वाढवता येतो. एफआरआरओची नोंदणी नको, राहण्यासाठी एक घर घेता येतं आणि जोडीदाराला नोकरीही करता येते. एम्प्लॉयमेंट व्हिसावर आलेल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला ही शेवटची मुभा नाही.

पण वर्षातून चार-पाच चकरा मारून बोर्ड मीटिंग करणाऱ्याला याची गरज नाही, बिझनेस व्हिसा पुरतो. कंपनीकडून पगार घेणार असेल तर मात्र तो, मालक असूनही, नोकरदार ठरतो आणि एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो.

प्रश्न : आमच्याकडचा परदेशी इंजिनिअर राजीनामा देऊन शेजारच्या कंपनीत जातोय. आमची काही जबाबदारी उरते का?

उरते. त्याचा व्हिसा तुमच्या कंपनीशी बांधलेला आहे. होल्डिंग कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांच्यातली बदली सोडली, तर इथे राहून त्याला मालक बदलता येत नाही. परत जाऊन नव्या कंपनीच्या कागदांवर नवा व्हिसा घ्यावा लागेल. तुम्ही त्याचे स्पॉन्सर आहात, म्हणून रिलीव्हिंग लेटर देण्याआधी ई-एफआरआरओवर लेखी कळवा आणि पोच जपा. मुंबईत एफआरआरओ, तर जिल्ह्यात पोलीस अधीक्षक परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी म्हणून हे पाहतात. शेजारच्या कंपनीलाही एक फोन करा. त्यांनाही बहुधा कोणीतरी ‘चालून जाईल’ म्हणून सांगितलं असेल.