मजकुराला रचना देण्याचा खर्च भरून निघतो का?

प्रश्न : आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर काही शे पाने असून त्यांवरील मजकूर वर्डमधून उचलून चिकटवला जातो. तो सगळा संरचित मार्कअपमध्ये, म्हणजे कोणता भाग शीर्षक आणि कोणता तारीख हे संगणकाला कळेल अशा खुणांसह, आणावा, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. व्यवस्थापनाला खर्च पटवून देताना कोणता फायदा सांगावा?

उत्तर : सर्च इंजिनमधील क्रमवारीचा तरी सांगू नये, कारण ती तुमच्या हातात नसते. गूगल, याहू आणि बिंग यांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग ही अशा खुणांची सामायिक शब्दावली आणली. तिच्यानुसार खुणा केल्यास शोधनिकालात कार्यक्रमाची तारीख ठळकपणे दिसू शकते, पण ती दिसेलच याची हमी मिळत नाही.

खरा फायदा देखभालीत आहे. कार्यालयाची वेळ बदलली, की ती कोणकोणत्या पानांवर लिहिली आहे हे आज कोणाला तरी शोधत बसावे लागते आणि एखादे पान हमखास सुटते. तीच वेळ स्वतंत्र रकान्यात एकदाच नोंदवली आणि सर्व पाने ती तिथूनच घेऊ लागली, तर एका दुरुस्तीत काम भागते. मजकुराचा अर्थ आणि त्याचे रूप वेगळे ठेवण्याचा हा विचार जुनाच आहे. १९८६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक ठरलेली एसजीएमएल ही मार्कअप भाषा आणि तिच्यातून आलेली १९९८ ची एक्सएमएल याच तत्त्वावर उभ्या आहेत. संकेतस्थळाची नवी मांडणी करताना किंवा पुरवठादार बदलताना ही शिस्त सर्वाधिक उपयोगी पडते, कारण रचना नसलेला मजकूर तेव्हा पानागणिक हाताने हलवावा लागतो आणि ते बिल मोठे असते.

अक्षरे ठळक आणि मोठी करून केलेले शीर्षक डोळ्यांना शीर्षक वाटते, स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, मात्र तो साधा परिच्छेदच असतो. तिथे शीर्षकाचा टॅग (खूण) असल्यास दृष्टिहीन वाचकाला एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर जाता येते.

तरीही सगळी पाने एकदम हाती घेऊ नयेत. वारंवार बदलणारी माहिती, म्हणजे कार्यक्रम, पदाधिकारी, शुल्क आणि संपर्क, आधी रकान्यांत आणावी. जुनी निवेदने आहेत तशी राहिली तरी चालतील. अंदाजपत्रकात मजकूर भरणाऱ्यांचे प्रशिक्षण अवश्य धरावे आणि एडिटरमधील रंगाची व अक्षरांच्या आकाराची बटणे बंद करून घ्यावीत. त्यावर कुरकुर होईल, पण ती बटणे चालू राहिली, तर काही महिन्यांत पुन्हा जुनाच प्रकार सुरू होतो.